दमेकरीण

“आधी बाकीची सगळी तोंडं बंद कर, मग ऐक. आणि ऐकताना स्वतःचंही मीट.”

वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा एक कान पायपेटीच्या भात्याला चिकटलेला असायचा आणि डोळे मिटलेले असायचे. पायपेटी म्हणजे स्टुलावर बसून, पायांनी भाता मारत वाजवायची मोठी पेटी. भाता जुना झाला की कुठल्यातरी शिवणीतून हवा पळायला लागते आणि भरल्या गळ्याची पेटी कण्हायला लागते. ती चोरवाट शोधून बुजवणं हा वडिलांचा उभ्या जन्माचा उद्योग. त्यांच्यामागे तो मुलीकडे आला, आणि उद्योगाबरोबर नावही आलं. सगळे तिला पेटीवालीच म्हणत. पारा चढला की सासूबाईही म्हणत, “अगं ए पेटीवाले, जेवायला येतेस, की भात्यातच अंथरूण घालू?”

आज मात्र वडिलांचं ते वाक्य तिच्या कानात वाजलं ते पेटीपुढे नव्हे, एका गाडीपुढे उभं असताना.

गाडी मेस्त्रींच्या गॅरेजात बॉनेट उघडून उभी होती. उंच, चौकोनी, चारही चाकांनी ओढणारी, डोंगरदगडांतून जायला बनवलेली. तरुणपणी तिचा रुबाब असणार. आता रंग विटला होता, एका दाराला पोचा होता, आणि मागच्या सीटच्या जागी नुसता पत्रा होता. गार असताना ती शहाण्यासारखी चाले. तापली की मात्र तिच्या अंगात काय संचारे कोण जाणे. पेडलवर पाय नसतानाही इंजिन आपलं आपण चढायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. हूंऽऽ हुं. हूंऽऽ हुं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवून टाकलं होतं, दमेकरीण.

“वहिनी, मी ‘जा’ म्हणणार नाही,” मेस्त्री हात पुसत म्हणाले. माणूस दाराएवढा रुंद, आवाज त्याहून रुंद. पण आत्ता ते खालच्या पट्टीत बोलत होते, म्हणजे चेष्टा नव्हती. “प्लग नवे घातले. हवेचं दार खरवडून चकचकीत केलं. दिसतील तेवढ्या रबरी नळ्या बदलल्या. हिचे आपले पहिले पाढे पंचावन्न. रस्त्यावर चालेल हो, पण तुम्हाला घाट चढायचाय. तिथे दगडांवरून मुंगीच्या पावलानं न्यावी लागते. अशात ही मधेच उसळली तर? एका बाजूला कडा, एका बाजूला काहीच नाही.”

पेटीवालीचं बोलणं मुळातच हळू आणि थोडं. बाकीचं सासूबाई भरून काढत.

“ऐकलंस?” सासूबाई म्हणाल्या. “तू मला शब्द दिलायस. मेस्त्रींच्या तोंडून ‘जा’ निघालं तरच जायचं. तुझा नवरा तिकडे बोटीवर, समुद्रात. तो परत आला आणि म्हणाला, आई, माझी बायको कुठाय, तर मी काय दरीकडे बोट दाखवू?”

“नाही जाणार, आई. शब्द दिलाय,” ती म्हणाली.

पण शब्द तिने एकच दिला नव्हता. खरं तर दुसरा तिने दिलाच नव्हता. तो वडिलांनी दिला होता आणि पेटीसारखाच तिच्याकडे आला होता. घाटाच्या माथ्यावर एक वस्ती आहे. तिथल्या प्रार्थनाघरातली पायपेटी मुकी झाली, तेव्हा तिथली म्हातारी गाणारी आजी स्वतः खाली आली होती. तिचे हात हातात घेऊन वडील म्हणाले होते, “थंडीत घाट बंद होण्याआधी तुमची पेटी तुमच्या दारात.” भात्याचं कातडं अर्धं लावून झालं आणि वडील अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी ते फक्त पेटीबद्दल बोलत. लेक म्हणाली, “मी पुरी करते, अप्पा.” ते म्हणाले, “पुरी तू करशीलच गं. वर पोचव.” तिने मान हलवली होती. डोळे मिटण्याआधी त्यांनी ती हललेली पाहिली होती, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

पेटी आता पुरी झाली होती. घरात पुढच्या खोलीत चादर पांघरून बसली होती. वर जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचा मोसम उलटून गेला होता, म्हणून तिने ही जुनी गाडी घेतली. एका मधवाल्याकडून घेतली. तो मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फुलांमागे डोंगर हिंडायचा. त्याचे गुडघे गेले आणि गाडी नुसती पडून राहिली. आता वरून निरोप आला होता, की येत्या रविवारी घाटाचं फाटक लावणार. ते उघडेल पुढच्या मोसमात. गाणारी आजी पुढचा मोसम बघेल की नाही, हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

“मेस्त्री,” तिने हळूच विचारलं, “हिला नेमकं होतं काय? मला कळेल असं सांगा.”

मेस्त्रींनी आजूबाजूला पाहिलं, एक रिकामी बरणी उचलली आणि तिच्या तोंडावर हात धरला. “हे बघा. इंजिनाला हवा आत घ्यायला एकच दार. त्या दारात मोजणारा बसलाय. जेवढी हवा, तेवढं पेट्रोल. आता समजा बरणीला दुसरीकडे बारीकसं भोक आहे. तिथून हवा चोरून आत आली. मोजणाऱ्याला पत्ता नाही. इंजिन उगाच चढतं. मग हिचा मेंदू घाबरतो आणि आवरतो. ती मरायला टेकते. मग तो परत घाबरतो आणि चढवतो. झालं, बसले दोघं भांडत.”

“म्हणजे सासू-सून,” सासूबाई म्हणाल्या.

“मी कुठं काय म्हटलं, मावशी?”

पेटीवाली मात्र बरणीकडे बघत राहिली होती. हवा. कुठूनतरी चोरीची हवा. तिच्या मनात काहीतरी सरळ होऊन बसलं. अहो, मग हा तर भाताच झाला!

“मी येऊ का ऐकायला?” तिने विचारलं.

“ऐकायला? वहिनी, मी साबणाचं पाणी मारून बघितलंय प्रत्येक सांध्याला. फट असती तर बुडबुडे तरी गिळले असते. काही नाही.”

“गरम असताना मारलं होतंत?”

“तापल्या इंजिनावर गार पाणी? तडकेल की. सकाळी, गार असताना मारलं.”

“पण गार असताना तिला काही होतच नाही.”

मेस्त्रींनी डोकं खाजवलं. “उद्या सकाळी या,” ते म्हणाले. “दुपारी मला लेकीकडे जायचंय, बारशाआधी पाळण्याचा खिळा ठोकून द्यायचाय. सकाळीच या.”

सकाळी म्हटल्यावर सासूबाई आणि सुनेने एकमेकींकडे पाहिलं.

कारण सकाळ तिची नव्हती. कितीतरी वर्षं तिचा एक नेम होता. उठून, अंघोळ करून देवापुढे छोटासा दिवा लावायचा, आणि तो आपला आपण विझेपर्यंत बोलायचं नाही. लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. मान हलवायला किंवा बोटाने एखादी खूण करायला मोकळीक होती, तीही अडलं तरच. तिने याचा कधी गवगवा केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, देवाचंही जरा ऐकावं ना. दिव्यात तेल घालण्याचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि त्या तेलाचं एक गुपित साऱ्या घराला ठाऊक होतं. आदल्या दिवशी दोघींचं वाजलं असेल, तर दिव्यात तेल जरा सढळ हाताने पडे.

या वेळी वाजलं काहीच नव्हतं, तरीही दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दिवा काठोकाठ भरला. “आज मोठं काम आहे,” त्या पुटपुटल्या. “देवाला कमी पडायला नको.” आणि दिवा घरी ठेवून गेलं तर विझला कधी हे कळणार कसं, म्हणून काचेच्या कंदिलात घालून तो बरोबर घेतला.

गॅरेजच्या दारात मेस्त्रींनी दोन्ही हात पसरले. “मावशी! पेट्रोलच्या घरात दिवा? मला देवाकडे पाठवायचा विचार आहे का?”

“बरं बाबा, कुठे ठेवू?”

दिवा बाहेर, रस्त्यापलीकडच्या कठड्यावर ठेवला गेला. तिथे तो उन्हात फिकट जळत राहिला. मेस्त्रींनी पेटीवालीला विचारलं, “वहिनी, तयार?” तिने मान हलवली.

“ती म्हणतेय, सुरू करा,” सासूबाईंनी सांगितलं.

“मला दिसली मान, मावशी.”

“मानेत पण बारकावे असतात. मी इतकी वर्षं वाचतेय.”

तिने पिशवीतून वडिलांची रबरी नळी काढली. तिचं एक टोक कानात घालायचं, दुसरं भात्याच्या शिवणीवरून फिरवायचं. मेस्त्रींनी गाडी चालू केली. गार इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. तिने डोळे मिटून नळीचं टोक सांध्यासांध्यावरून फिरवलं. कुठे काही नाही. हळूहळू गाडी तापली.

“आला बघ तो मधाचा वास,” सासूबाई दारातल्या स्टुलावरून म्हणाल्या. “मला आवडतो बाई. हा वास आला की समजायचं, आता हिला दम लागणार.”

आणि लागलाच. हूंऽऽ हुं. हूंऽऽ हुं. अवजारांच्या फळीवरचे पाने त्या तालावर खुळखुळायला लागले.

आता वडिलांची रीत. आधी बाकीची सगळी तोंडं बंद. तिने एका नळीकडे बोट केलं आणि दोन बोटांची चिमूट करून दाखवली.

“ती म्हणतेय, चिमटीत मीठ घ्या,” सासूबाई म्हणाल्या.

“मीठ कशाला घालू इंजिनात? नळी दाबायला सांगतायत!” मेस्त्रींनी चाप आणून ती नळी आवळून बंद केली. गाडीचा दम तसाच. दुसरी नळी आवळली. तसाच. ब्रेककडे जाणारी जाड नळी आवळली, तिच्यावर मेस्त्रींचा सगळ्यात जास्त संशय होता. ते श्वास रोखून उभे राहिले. हूंऽऽ हुं.

“निर्लज्ज आहे,” मेस्त्री म्हणाले.

एक एक करून सगळी तोंडं बंद झाली. आता इंजिनापाशी कितीतरी चाप लटकत होते, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. तिने पुन्हा नळी कानाला लावली आणि ऐकलं. भात्यातून हवा सुटते तेव्हा एक बारीक ‘स्स्स’ येतो, अंधारात साप असल्यासारखा. तोच ती शोधत होती. पण पंख्याचा घरघराट सगळ्यावर बसला होता. मग तिने पिशवीतून मऊ पीस काढलं. भात्याच्या फटीपाशी पीस धरलं की ते बाहेरच्या बाजूला थरथरतं, हा वडिलांचा हुकमी उपाय. इथे पंख्याच्या वाऱ्याने पीस हातातून सुटलं, गॅरेजभर गिरक्या घेत गेलं आणि मेस्त्रींच्या मिशीवर जाऊन बसलं.

सासूबाई हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात आल्या. मेस्त्रींनी पीस काढून गंभीरपणे तिच्या हातात दिलं. “फट इथे नाही, वहिनी. मिशी तपासून झालीये.”

तीही हसली, आवाज न करता. पण आत कुठेतरी खचल्यासारखं झालं. बाहेर कठड्यावर दिवा जळत होता. मेस्त्रींनी मनगटावरचं घड्याळ एकदा चोरून पाहिलं. रविवार दाराशी येऊन उभा राहिला होता. पुढच्या खोलीतली चादर पांघरलेली पेटी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाली, अप्पा, तुमची सगळी हत्यारं संपली. आता मी काय करू?

उत्तर काही आलं नाही. आला तो वास.

गोड, जड, किंचित धुरकट. सगळ्यांनी त्याला मधवाल्याच्या गाडीचा वास म्हणून सोडून दिलं होतं. मधाच्या पेट्या इतकी वर्षं वाहिल्या, वास राहणारच. पण हा मधाचा वास नव्हता. बोलायचं नाही म्हटल्यावर नाकालाही जरा निवांतपणा मिळतो की काय कोण जाणे, आज तिला तो नीट लागला. हा वास तिच्या लहानपणाचा होता. स्टोव्हवर छोटं पातेलं, पातेल्यात पिवळा गोळा हळूहळू विरघळतोय, आणि वडील म्हणतायत, “भात्याच्या शिवणीला मेण चालतं. पण पेटी उन्हात ठेवतील अशा घरी देऊ नकोस. मेण तापलं की हात सोडतं.”

मेण!

आणि दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात लख्ख पडली. ती सकाळपासून उलटं ऐकत होती. पेटीचा भाता हवा बाहेर फेकतो. ही बया हवा आत ओढते. इथला ‘स्स्स’ आतल्या आतच गिळला जाणार. पीस बाहेर कशाला थरथरेल?

तिने रबरी नळी खाली ठेवली आणि गाडीवर वाकून नुसता वास घेत गेली. पुढे फिका. उजवीकडे फिका. डावीकडे, मागच्या बाजूला, जिथे इंजिन आणि गाडीची भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी सांद होती, तिथे वास दाट झाला.

“ती काय हुंगतेय?” मेस्त्रींनी विचारलं.

“गप्प राहा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या मानेतला बारकावा वाचला होता. या वेळी बरोबर वाचला होता.

तिने पदर खोचला आणि उजवा हात त्या सांदीत घातला. वरून पत्रा, खालून धग. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. बोटं एका लोखंडी नळीवर गेली, ती सोडून खाली एक आखूड बोंडी लागली, रबरी नळी चढवायला असतं तसं टोक. बोंडीच्या तोंडाशी काहीतरी मऊ, चिकट, कोमट. मेण. आणि त्या मेणाच्या मधोमध एक खळगा, ज्याने तिच्या बोटाचं टोक बाळाने चोखावं तसं आत ओढलं.

तिने बोट दाबून धरलं.

हूंऽऽ... इंजिन चढलं, जरा अडखळलं, आणि मग खाली येता येता एका जागी थांबलं. थांबलं ते थांबलंच. पान्यांचा खुळखुळाट बंद झाला. सगळ्या गॅरेजात एकच सलग, भरीव सूर उरला, पेटीवर कुणी षड्ज धरून बसावं तसा.

मेस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला.

तिने बोट काढलं. हूंऽऽ हुं. बोट ठेवलं. सूर. काढलं. दम. ठेवलं. सूर. धग लागत होती, पण तिला ते बोट हलवावंसं वाटेना. जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या वाजवण्याजोग्या केल्या, आणि आज तिने एक पट्टी दाबली होती तर अख्खी गाडी गायला लागली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तोंडातून शब्द फुटायची सोय नव्हती.

“सापडलं!” सासूबाई स्टुलावर उभ्याच राहिल्या. “ती म्हणतेय, सापडलं! मेस्त्री, ती म्हणतेय, तुमच्या सगळ्या नळ्या गेल्या खड्ड्यात, हे बघा!”

“तेवढं सगळं नसेल हो म्हणत,” मेस्त्री म्हणाले, पण ते तोवर धावत तिच्याशेजारी येऊन पत्र्यावर आडवे झाले होते. आरसा आणि बॅटरी घालून त्यांनी सांदीत पाहिलं, आणि त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीइतका रुंद झाला. “अरे देवा! ही तर पुढच्या चाकांच्या जुन्या नळीची बोंडी! वहिनी, पूर्वी अशा गाडीची पुढची चाकं इंजिनाच्या ओढीला जोडायला हवेची नळी असायची, इथून निघून थेट चाकापर्यंत. ती तुटली असणार आणि कुणीतरी काढून टाकली. आता चाकांवरच हाताने फिरवायच्या चाव्या आहेत, त्या मी पाहिल्यात. पण ही इकडची बोंडी उघडी राहिली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि बुजवलीये कशाने? मेणाने? इंजिनात मेण? असं कोण करतं?”

असं कोण करतं हे कळायला फार वेळ लागला नाही. मेस्त्रींनी मधवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठा केला.

“हो, मीच बुजवली,” पलीकडून म्हातारा आवाज अभिमानाने म्हणाला. “मी सगळं मेणानंच बुजवतो. घराचं छप्पर, बादली, बुटाचं भोक. आमच्या माश्यांच्या मेणासारखं मेण नाही. निघालं का काय?”

“निघत नाही हो, आजोबा, तेच तर! गाडी तापली की मऊ होऊन भोक पडतं. बंद केली की मऊ मेण परत भोकावर बसतं आणि गार होऊन घट्ट होतं. सकाळी मी तपासायला जातो तेव्हा एकदम साळसूद!”

“म्हणजे स्वतःच बुजतं ना परत?” आवाज आणखी खूश झाला. “बघा! सांगितलं नव्हतं? उत्तम मेण.”

मेस्त्रींनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. मग त्यांनी गाडी बंद केली, मेण खरवडून काढलं, बोंडी पुसली, तिच्यावर नवी रबरी टोपी चढवली आणि वरून पट्टी आवळली. आवळताना पुटपुटले, “साबणाचं पाणी! गार असताना! काय म्हणावं मला.” सासूबाई म्हणाल्या, “मी सांगते काय म्हणावं,” पण सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या चक्क गप्प बसल्या.

सगळे चाप निघाले. गाडी चालू झाली. तापली. काटा वर गेला. कुणीच बोलेना. नेमाची सून तर गप्प होतीच, पण मेस्त्री आणि सासूबाईसुद्धा असे उभे राहिले, जणू तिघांनीही दिवा लावलाय. मेस्त्रींनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला बॉनेटवर ठेवला. पाण्यावर बारीक वलयं थरथरत राहिली, पण एक थेंब सांडला नाही.

तरी मेस्त्रींचं समाधान होईना. गॅरेजमागे जुनी दगडखाण होती आणि खाणीतून वर येणारा चढ खडकाळ आणि सुळसुळीत होता. त्यांनी बोटाने आधी चढ दाखवला, मग स्टिअरिंग. स्वतः शेजारी बसले. तिने खाली वाकून पुढच्या चाकांवरच्या चाव्या फिरवल्या, मग स्टिअरिंगपाशी बसून गाडी सर्वांत खालच्या गिअरात घातली आणि पाय पेडलवरून काढून घेतला. दमेकरीण एक एक दगड तोलत, घाई न करता, म्हातारं माणूस जिना चढतं तशी वर चढली. मधल्या मोठ्या खडकावर पुढचं चाक टेकलं तेव्हा मेस्त्रींनी दाराचं हँडल घट्ट धरलं. सूर हलला नाही. गाडी खडकावरून उतरून माथ्यावर आली आणि थांबली.

लांबून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या लाकडाच्या वखारीतले लोक, कशासाठी ते न विचारताच, त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागले.

“बोला की आता काहीतरी!” मेस्त्री खाली उतरताना ओरडले. तिने कठड्याकडे बोट केलं. दिवा मस्त जळत होता.

मग सगळेच दिव्याभोवती जमले. वखारवालेही आले. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “मीच मेलीने काठोकाठ भरला,” त्या म्हणाल्या. “फुंकर घालू का? हळूच? देवाला मी सांगते समजावून.” सुनेने त्यांचा हात धरून बाजूला केला आणि तो तसाच हातात ठेवला. ज्योत बुटकी झाली. निळी झाली. एकदा उंच उडी मारून तिने सगळ्यांना फसवलं. मग धुराची एक रेघ आली आणि सरळ वर गेली.

सगळ्यांच्या नजरा पेटीवालीकडे. तिने घसा साफ केला.

“मेस्त्री,” ती हळू आवाजात म्हणाली, “आता म्हणा.”

“काय म्हणू?”

“ते कालपासून तुमच्या तोंडून निघत नाहीये ते.”

मेस्त्रींनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग छाती भरून श्वास घेतला आणि असं ओरडले की वखारीवरची कबुतरं उडाली. “जा!” आणि मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, “खुशाल जा, वहिनी. ही आता दगा देणार नाही.”

लेकीकडे जायला त्यांना उशीर झाला. पाळण्याचा खिळा ठोकता ठोकता त्यांनी ही गोष्ट तिकडच्या सगळ्यांना सांगितली म्हणतात, आणि सांगताना एकदाही स्वतःचं साबणाचं पाणी वगळलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

संध्याकाळी वखारीतल्या लोकांनी पेटी उचलून गाडीत चढवली. मागची सीट नव्हती ते बरंच झालं. पत्र्यावर गादी, गादीवर पेटी, तिच्यावर चादर आणि चारही बाजूंनी दोर. वडिलांची रबरी नळी आणि पीस तिने पेटीच्या खणात ठेवलं. वर गेल्यावर सूर लावताना लागलं तर असावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती अंघोळ करून देवापुढे आली, तेव्हा सासूबाई आधीच तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दिव्यात अगदी मोजकं तेल घातलं, वात नीट केली, आणि मग पुन्हा दोन थेंब काढूनही घेतले.

“वर पोचशील तेव्हा तुला गावं लागेल,” त्या म्हणाल्या. “ती आजी काय मुक्या बाईकडून पेटी घेईल? मी बसते इथे दिव्यापाशी. विझला की फोन वाजवीन. उचलू नकोस, गाडी चालव. वाजला की समज, मोकळी झालीस.” मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, “आणि वाजवता वाजवता माझ्या नावाचंही एक गाणं म्हण.”

तिने दिवा लावला, हात जोडले आणि वाकून सासूबाईंच्या पायाला हात लावला. बाहेर येऊन दोरांच्या गाठी एकेक करून चाचपल्या, चादरीवरून हात फिरवला आणि किल्ली फिरवली. दमेकरणीने पहिल्याच हाकेला ओ दिली आणि सूर धरला. गल्ली अजून झोपेत होती. कोपऱ्यावर तिने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. गाडी घाटाच्या रस्त्याला लागली.